चौदा जोडी बूट आणि एक खुबा

सुई अजून कातडीपासून दोन बोटं वर आहे.

तिला तिथंच राहू दे, असं खाली पालथा पडलेला तुंग पेइलिन मनातल्या मनात म्हणतो आहे, आणि गोष्ट सांगणाऱ्याचंही तेच मत आहे. एकदा सुई आत गेली की सांगण्यासारखं फारसं उरत नाही, माणूस नुसता ओरडतो. तेव्हा ती खाली येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलून घेऊ.

तुंग पेइलिन, वय त्रेसष्ट, लुओयांगमधल्या एका बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तपासनीस. एकतीस वर्षं त्यानं एकच काम केलं. पोलादी गोळ्या बोटांत फिरवायच्या, आणि केसाइतका जरी खडबडीतपणा लागला तरी पेटीवर लाल शिक्का मारायचा: 'परत'. कारखान्यात त्याला 'परत तुंग' म्हणत. लग्नाच्या दिवशी त्यानं नवरीचा हात हातात घेऊन आधी तिची बोटं फिरवून पाहिली, असं लोक सांगायचे. शिउफन, म्हणजे ती नवरी, हे कधी नाकारत नसे.

असा हा माणूस आयुष्यात कुणाला घाबरला नाही. साहेबांना नाही, मंत्र्यांच्या भेटीला नाही. फक्त सुईला. लहानपणी शाळेत देवीची लस टोचायला आले तेव्हा तो कोळशाच्या ढिगामागे लपला होता, आणि अजूनही रक्त तपासायचं म्हटलं की त्याला एकदम कोळशाचा वास येतो.

आता या खोलीत कोळसा नाही, पण वास येतो आहे.

*

सुई एका बोटावर आली आहे. तरी थोडा वेळ आहे.

उजव्या खुब्यात गाठ मारलेल्या दोरीसारखं काहीतरी बसलं होतं. ते गाठीतून निघायचं, मांडीच्या मागून उतरायचं आणि पोटरीत जाऊन पेटायचं. वर्षभर तुंगनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण गेल्या छिंगमिंगला सगळ्या कुळाला कळलं. पितरांच्या कबरी झाडायच्या त्या दिवशी तो मांगशानच्या उतारावर बापाच्या कबरीकडे चढत होता. अर्ध्या वाटेत पाय थांबला. थांबला म्हणजे थांबलाच, तट्टू अडावं तसा. शेवटी पुतण्यानं त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. कागदी नोटांची टोपली मांडीवर, दोन आत्या बाजूनं चालत हळहळताहेत, आणि समोरून येणारी अनोळखी माणसं आदरानं वाट सोडताहेत, कारण त्यांना वाटलं की हा वर जायच्याच तयारीचा आहे.

यंदा फेब्रुवारीतच धाकट्या भावाचा, पेइशानचा फोन आला. दादा, तू यंदा गाडीतच बस. मी वर जाऊन येतो, तुझ्या नावानंही डोकं टेकतो. वाटल्यास मीही तुझ्याबरोबर खालीच बसेन, पोरं जातील वर.

मोठा मुलगा गाडीत आणि बापाच्या कबरीवर धाकट्याचं डोकं. तुंगनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या खुब्यावर मनातल्या मनात लाल शिक्का मारला. यंदाच्या छिंगमिंगला, म्हणजे पाच एप्रिलला, स्वतःच्या पायांनी वर जायचं, नाहीतर पुढं दरवर्षी गाडीच.

शिउफन म्हणाली, "म्हाताऱ्या, अॅक्युपंक्चरच्या सुया घे. दुसरा इलाज नाही."

तिथून ही गोष्ट बिघडत गेली.

*

आधी शेजार. तळमजल्यावरच्या बियान आजींना कसं कोण जाणे, पण दुपारपर्यंत कळलं होतं. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं की त्यांच्या मावसबहिणीच्या मांडीत सुई मोडून आत राहिली होती, पुढं तीन वर्षांनी ती खांद्यातून बाहेर आली. वाटेत काय काय लागलं असेल, विचार कर, असं म्हणून त्या भाजीला गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बुद्धिबळवाल्यानं सांगितलं की उपाशी पोटी सुया घेतल्या तर चक्कर येते, तेव्हा भरपेट जा. शेनझेनहून भाच्यानं निरोप पाठवला की परदेशातही आता हेच करतात, फक्त नाव बदललंय आणि शरीरातल्या प्राणवाहिन्या-बिहिन्या काही मानत नाहीत, सरळ स्नायूतल्या गाठीत खुपसतात. 'खुपसतात' हा शब्द तुंगला पोचला तेव्हा तो जेवत होता.

मग दवाखान्याची खिडकी. खिडकीतल्या बाईनं विचारलं, कंबर की पाय? तुंग म्हणाला, दोन्हींच्या मध्ये. बाई म्हणाली, मध्ये असं खातं नाही. कंबर दुसऱ्या मजल्यावर, पाय चौथ्यावर, आणि विम्याच्या कार्डावर एका खेपेला एकच. तुंगनं बोटानं दाखवलं की इथून निघतं आणि इथं जातं. बाईनं विचारलं, मग कंबर नेमकी कुठं संपते? एकतीस वर्षं मोजमापं केलेल्या माणसाला हा प्रश्न आवडला. त्यानं रांगेत उभ्या असलेल्या सात माणसांसमोर स्वतःच्या पार्श्वभागावर वीत ठेवून मोजायला सुरुवात केली. मागच्या बाईनं मोबाइल काढला. शेवटी खिडकीतली बाई म्हणाली, "काका, पाय लिहिते. चढा चौथ्यावर."

लिफ्ट बंद होती. पायदुखीचे सगळे रोगी जिन्यात भेटत होते.

*

आता मात्र इलाज नाही. सुई टेकली.

डॉक्टर मंग, वय एकोणतीस, चेहरा गोल, चष्मा त्याहून गोल. ती मऊ आवाजात सांगत होती की सुई आत जाताना काही वाटणार नाही, खरी गोष्ट त्यानंतर. मी सुई फिरवेन. फिरवता फिरवता आत काहीतरी येऊन पोचेल. दुखणं नव्हे, जडपणा, फुगल्यासारखं, मुंग्यांसारखं. ते पोचलं की मला सांगायचं. ते पोचल्याशिवाय सुईचा उपयोग नाही, काका. नुसतं टाचून ठेवल्यासारखं होतं.

तुंगच्या पोटात दोन वाट्या गोमांसाचं सूप आणि चार पोळ्या होत्या, बुद्धिबळवाल्याच्या सल्ल्यानं. तो त्यांच्यावर पालथा पडला होता. तोंड खाटेच्या भोकात, समोर फरशी, फरशीवर मंगचे पांढरे बूट, डाव्या बुटाची नाडी हिरवी.

सुई आत गेली. खरंच काही वाटलं नाही. मग ती फिरायला लागली.

"पोचलं?" मंगनं विचारलं.

काही पोचलं नव्हतं. पण पुढं काय पोचणार आहे याच्या नुसत्या कल्पनेनं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भोकातून खाली एक आवाज पडला, आणि तो आपलाच आहे हे तुंगला नंतर कळलं.

"पोचलं."

सुई थांबली.

बस्स, एवढंच घडलं. पण तुंगच्या दृष्टीनं चाकाचा शोध लागला होता. एक शब्द उच्चारला की हात थांबतो. त्यानं दुसऱ्या सुईला हा शब्द अर्ध्या फेऱ्यात उच्चारला. तिसरीला सुई टेकताक्षणी. सातव्या सुईपर्यंत तो इतका तयार झाला की मंगनं पाकीट फाडल्याचा आवाज आला आणि भोकातून उत्तर आलं.

"इतक्या लवकर?" मंग म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. हा आनंदच पुढं सगळ्यांना महागात पडला.

*

तपासणी अहवाल
(कारखान्यातल्या जुन्या छापील कागदावर. तुंगकडे अशी अजून दोन बंडलं आहेत.)

वस्तू: उजवा पाय, खुब्यासकट.
खेप: आठवी.
तक्रार: होती तशीच.
बायकोला काय सांगितलं: फरक आहे.
डॉक्टरला काय सांगितलं: पोचलं.
भावाला काय सांगितलं: वर येतोय, टोपली मीच घेणार.
घरचा जिना चढताना: तिसऱ्या मजल्यावर थांबून बूट बांधले. बुटांना नाडी नाही.
शेरा:

शेऱ्याची जागा कोरी आहे. एकतीस वर्षांत तुंगनं ती कधी कोरी सोडली नव्हती.

*

नवव्या खेपेला मंग बसून बोलली. ती बसली तेव्हाच तुंगच्या मानेवर काटा आला.

ती सांगत होती की इतका संवेदनशील रोगी तिनं पाहिलेला नाही. लोकांना दोन-दोन मिनिटं सुई फिरवावी लागते, आणि काकांना तर जवळ आणली तरी पोचतं. फक्त दुखणं हलत नाहीये, हेच कोडं आहे. म्हणून तिनं आपल्या गुरुजींना कळवलं. छिन गुरुजी, वय एक्याऐंशी, निवृत्त आहेत, पण या रोग्यासाठी येतो म्हणाले. गुरुवारी. शिकाऊ डॉक्टरही येतील, चौदाजण. सगळ्यांसमोर दाखवू.

"काय दाखवू?" तुंगनं विचारलं.

"तुम्हाला," मंग म्हणाली.

त्या दिवसापासून तुंगच्या पाचावर धारण बसली. सुईची भीती मागं पडली आणि तिच्या जागी दुसरी, मोठी भीती आली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. एक मार्ग होता, जायचंच नाही. पण मग पाच एप्रिल. दुसरा मार्ग होता, जाऊन खोटं बोलत राहायचं. पण मग पाच एप्रिलच. तिसऱ्या मार्गाचा विचार त्यानं केला नाही, कारण तो खरा होता.

बियान आजींना हेही कळलं. त्या जिन्यात म्हणाल्या की छिन म्हणजे तोच ना, जो नाडी धरून सांगतो की काल रात्री भांडण झालं होतं? त्याच्यापुढं माझा नवरा एकदा नुसता खोकला, तर त्याला कळलं की हा चोरून सिगारेट ओढतो. अजून त्याची तब्येत सुधारली नाही. सिगारेट सोडावी लागली ना.

बुधवारी शिउफननं कणकेचे मोदकासारखे पुडे उकडले, आत पालक आणि अंडी. ती नवऱ्याकडे बघत होती. तो चार खाऊन थांबला.

"म्हाताऱ्या, तुला फरक नाहीये."

"आहे."

"रेलिंगचा रंग गेलाय. तिसऱ्या मजल्यावर, तू धरतोस तिथला."

तपासनीस दोघांपैकी कोण होतं, हे त्या घरात कधीच ठरलेलं नव्हतं.

*

चौदा जोडी बूट.

भोकातून तुंगला एवढंच दिसत होतं. पांढरे, करडे, एक गुलाबी, एकाच्या टाचेला च्युइंगम. त्यांच्या मधोमध पंधरावी जोडी मंगची, तिचा हिरव्या नाडीचा बूट सारखा जागच्या जागी हलत होता. आणि सोळावी जोडी, काळे कापडी बूट, घरी शिवलेल्या तळाचे, अगदी स्थिर. मागे शेकायचा दिवा लावलेला, त्याची ऊब कमरेवर येत होती. खोलीत कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

मंगनं पाकीट फाडलं. तुंगच्या घशात शब्द सवयीनं उसळला, त्यानं तो दाताखाली धरला. सुई गेली. फिरली.

"पोचलं, काका?"

"पो—"

काळे बूट एक पाऊल पुढं आले. एक थंड, सुरकुतलेलं बोट कातडीला घासत सुईवर हलकेच टेकल्याचं त्याला जाणवलं. ते काय करतंय हे त्याला कळलं, कारण तो स्वतः असंच बोट टेकवायचा. गोळीवर. डोळे मिटून.

छिन गुरुजींनी ते बोट तसंच ठेवलं. मग म्हणाले, "सुई रिकामी आहे. पाण्यात गळ टाकलाय, मासा नाही. हा माणूस मात्र मासा आहे म्हणतोय."

हिरव्या नाडीचा बूट हलायचा थांबला.

आता तुंगला दोन वाटा होत्या. पोचलं म्हणायचं, की मंगची लाज राहील आणि पाय जाईल. नाही म्हणायचं, की पोरीची चौदाजणांत शोभा. आणि वर ती लांब सुई, जी त्यानं खोलीत शिरताना टेबलावर पाहिली होती आणि तेव्हापासून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्याला कोळशाचा वास आला. इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या ढिगामागून त्याला बापानं बाहेर काढलं होतं, हे त्याला आठवलं. मारलं नव्हतं. दंड धरून लसवाल्यापुढं उभं केलं होतं आणि म्हणाला होता, रडायचं तर रड, पण हात पुढं कर.

तुंगनं फरशीला सांगितलं, "पोचलं नाही. नऊ खेपांत एकदाही पोचलं नाही. मला भीती वाटते म्हणून मी म्हणत होतो. पोरीचा काही दोष नाही. मी तपासनीस होतो, माझा शिक्का कधी खोटा नव्हता. हा होता."

कुणीतरी हसणार होतं, पण हसलं नाही. मग वरून मंगचा आवाज आला, अगदी बारीक.

"गुरुजी, दोष माझाही आहे. मला हाताला कधीच कळत नाही मासा आला की नाही. मी रोग्याच्या तोंडावर विसंबते. हे काका लगेच हो म्हणायचे, मला वाटलं मला जमायला लागलं."

म्हणजे सुईच्या या टोकाला घाबरलेला एक होता आणि त्या टोकालाही एक. नऊ खेपा दोघांनी मिळून एकमेकांना धीर दिला होता, आणि मधल्या मधे खुबा बिचारा तसाच.

छिन गुरुजी म्हणाले, "छान. दोघंही खरं बोलायला लागलात. आता लांब सुई आण."

तुंगनं खाटेचे पाय धरले.

"मी नाही टोचणार," गुरुजी मंगला म्हणाले. "तूच. आणि त्याला विचारू नकोस. तो आता काही सांगायच्या परिस्थितीत नाही. बोटाला विचार."

*

या भागात शब्द नाहीत. म्हणजे तुंगकडे नव्हते. सुई आत गेली, खोल गेली, बियान आजींच्या मावसबहिणीच्या आठवणीइतकी खोल, आणि फिरली, आणि मग खुब्यातल्या त्या गाठीनं आतून सुई पकडली. त्याला वाटलं की पाय आपला नाही. जडपणा, फुगणं, मुंग्या, सगळे एकदम एका दारातून घुसले आणि मांडीवरून पोटरीवर, पोटरीवरून करंगळीपर्यंत धावत सुटले.

मंग म्हणाली, "आला." तिनं विचारलं नव्हतं, ती सांगत होती.

त्याच क्षणी पाय गुडघ्यात वाकून उडाला. टाच शेकायच्या दिव्यावर बसली, दिवा गर्रकन फिरला आणि छिन गुरुजींच्या टकलाकडे तोंड करून थांबला. एका विद्यार्थिनीची वही पडली. खाली वाकून ती उचलताना तिची आणि तुंगची भोकातून नजरानजर झाली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती घाबरून म्हणाली, काका, फार दुखतंय का? तुंगनं प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "दुखत नाही. पण परत करू नका."

छिन गुरुजी दिव्याखालून हलले नाहीत. त्यांना ऊब बरी वाटत असावी.

पुढच्या पाच खेपा मंगनं एकदाही काही विचारलं नाही. तुंग दर वेळी तितकाच घाबरला, दर वेळी कोळशाचा वास आला, आणि दर वेळी तो तोंड मिटून पडून राहिला. तिसऱ्या मजल्यावर त्यानं बूट बांधणं बंद केलं. बियान आजींनी रंग उडालेलं रेलिंग पाहून जाहीर केलं की यात सुईचा काही वाटा नाही, हे गोमांसाच्या सुपानं झालं.

*

पाच एप्रिल. मांगशानवर वारा, सगळीकडे कागदाची राख. तुंग चढला. हळू, दोनदा थांबून, पण चढला, टोपली स्वतः घेऊन. पेइशान मागून येत होता आणि थांबायला निमित्त मिळालं की आनंदानं थांबत होता, हे तुंगच्या लक्षात आलं नाही. तो स्वतःच्या पायाचं ऐकत होता.

कबर झाडली. दारू ओतली, वाफवलेल्या पावांचा ढीग मांडला, कागदी नोटा जाळल्या. मग मोठा मुलगा म्हणून तुंग पुढं गुडघ्यांवर बसला, शेजारी धाकटा, मागं आत्या, पुतणे, सुना, सगळं कूळ. तीनदा डोकं टेकवलं. आणि मग उठायचं होतं.

पाय उठेना. दुखत नव्हता, नुसता उठत नव्हता. मोठा उठल्याशिवाय कुणी उठत नाही. मागं एकवीस माणसं ओल्या मातीत गुडघे टेकून बसली होती. मिनिट गेलं. दोन गेली. मोठी आत्या हुंदका देऊन म्हणाली, बघा, बापावर किती जीव आहे. धाकटी आत्याही रडायला लागली.

पेइशान ओठ न हलवता म्हणाला, "दादा, ऊठ ना."

"तू ऊठ."

"मी कसा उठू? मोठा तू."

तुंगच्या जिभेवर ते सवयीचं उत्तर आलं होतं. चाललंय, अजून दोन शब्द बोलायचेत बाबांशी. सगळ्यांनी मानलं असतं. त्यानं समोरच्या मातीच्या उंचवट्याकडे पाहिलं, आणि त्याला आपला दंड धरल्यासारखं वाटलं.

"पाय उठत नाही," तो म्हणाला. "हात दे."

पेइशाननं हात दिला नाही. तो कबरीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "माझे गुडघे थंडीपासूनच गेलेत. कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर म्हणत होतो, आपण दोघं गाडीत बसू."

मागं आत्यांचा सूर वाढला होता. तुंगनं भावाकडे पाहिलं, मग मान वळवून त्या दांडगट पुतण्याला बोटानं पुढं बोलावलं, आणि दोघांना उचल म्हणून सांगितलं. तो येईपर्यंत वेळ होता. तुंगनं डोळे मिटले, भावाच्या गुडघ्यावर अंगठा टेकवला आणि हळूच फिरवून पाहिला, एकतीस वर्षं पाहिलं तसा.

"परत करण्यासारखं नाही," तो म्हणाला. "पण लांब सुई लागेल."

"किती लांब?" पेइशाननं विचारलं.

तुंगनं सांगितलं नाही.